सात की दहा

वादळ होऊन पंचवीस दिवस झाले तरी हसियेंदा कारिदाद या ऊसमळ्याच्या मजूरवस्तीत वीज आली नव्हती. ओढ्याकाठचे तीन खांब उसात आडवे झाले होते. त्यांच्या तारा बांधावरून लोंबत होत्या आणि बायका आता त्यांच्यावर धुणं वाळत घालत होत्या. गळीत मे महिन्यातच आटोपलं होतं. पुढचा हंगाम ऑक्टोबरात. मधल्या या महिन्यांना वस्तीत तिगकिरिवी म्हणत, म्हणजे वाकड्या तोंडाचे दिवस. उपाशी माणसाचं तोंड होतं तसं. भांगलणीचं काम होतं, पण ते सगळ्या घरांना पुरायला हवं म्हणून मुकादम एकेकाला आठवड्याचे तीनच दिवस द्यायचा.

रविवारी सकाळी नादोय चॅपलमागच्या उंचवट्यावर फोन हातात धरून उभा होता. फोनला रेंज मिळायची ती तिथेच, तीही उत्तरेकडे तोंड केलं तर. शेजारी दगडावर त्याची सासू, नानाय पासिंग, म्हणजे पासिंगआई, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. दर रविवारी ही दोघं अशी इथे यायची. बारा वर्षांपूर्वी रोवेना हाँगकाँगला घरकामाला गेली तेव्हापासून घरात ही दोघंच, जावई आणि सासू. मूलबाळ झालं नव्हतं. व्हायच्या आधीच ती गेली.

फोन वाजला.

"लांगा, ऐकू येतंय?" रोवेना त्याला लाडाने लांगा म्हणायची.

तिच्यामागे शेकडो बायकांचा कलकलाट होता. रविवारी सुट्टी म्हणून त्या सगळ्या पुलाखाली पुठ्ठे पसरून बसायच्या.

"येतंय."

"जेवलास?"

"जेवलो. भात."

"रताळ्याचा पाला," सासू मधेच म्हणाली. "भात परवा होता."

रोवेना घाईघाईने म्हणाली, "ऐक. घरचा कॉम्प्युटर कसा आहे?"

"आहे. झाकून ठेवलाय. शनिवारी पुसतो."

"चालू केला होतास कधी?"

"नाही बा. बिघडला म्हणजे?"

मग तिने सांगितलं ते नादोयला दोनदा ऐकावं लागलं. इलोइलो शहरात एक ऑफिस होतं. तिथले डॉक्टर रुग्णांची माहिती बोलून ठेवत आणि बायका आपापल्या घरी बसून ते टाइप करून देत. रोवेनाने मैत्रिणीच्या मशीनवर तीन रविवार बसून त्यांची परीक्षा दिली होती. ती पास झाली होती. आता त्यांनी एक कागद पाठवला होता आणि त्यात एकच गोष्ट अडत होती. घरच्या मशीनवर कोणती आवृत्ती चालते ते लिहायचं होतं.

"कशाची आवृत्ती?"

"आत जे असतं ना, ज्याच्या जिवावर बाकी सगळं चालतं, ते. विंडोज म्हणतात त्याला. त्यांना दहावी लागते. मी घेतला तेव्हा सातवी होती. पण मागच्या सुट्टीत मी छपरावर नेटची कांडी बांधली होती ना, तर मी निघाले त्या दिवशी तो आपलाआपणच दहावी उतरवून घेत होता. मी तसाच चालू ठेवून आले. ते पुरं झालं का नाही, मला कळलंच नाही."

नादोयने फोन या हातातून त्या हातात घेतला.

"दहा असेल तर मी येते," रोवेना म्हणाली. "ऑगस्टमध्ये माझा करार संपतो. मॅडम नवा कागद घेऊन बसलीय, दोन वर्षांचा. बुधवारी नाही, पुढच्या बुधवारी तिला उत्तर द्यायचंय. तू मला येत्या रविवारी सांग. सात की दहा. स्वतः डोळ्यांनी बघून सांग, कुणाचं ऐकून नको."

"कसं बघायचं?"

"खिडकीचं चित्र असलेलं बटण आहे, खाली डावीकडे. ते दाबून धरायचं आणि आर दाबायचा. एक पट्टी उघडेल. त्यात ही अक्षरं लिहायची. लिहून घे."

लिहायला काही नव्हतं. नादोयने कमरेचा कोयता काढला, त्याचं लाकडी म्यान गुडघ्यावर धरलं आणि खिळ्याने त्यावर एकेक अक्षर ओरखडलं. डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर. रोवेनाने सहाही अक्षरं त्याच्याकडून परत म्हणवून घेतली.

"एवढंच?"

"एवढंच. मग तोच सांगेल."

फोन बंद झाल्यावर सासू म्हणाली, "येते म्हणाली ना?"

"दहा असेल तर."

"दहा काय?"

"ते बघायचंय."

म्हातारी उठली. "असेल दहा," ती म्हणाली. "का नसेल?"

वीज होती ती हमरस्त्याला, डोंगर उतरून तासाभराच्या वाटेवर. सोमवारी सकाळी नादोय मुकादम रुफोच्या घरी गेला. रुफोच्या मोटरसायकलच्या बॅटरीवर तो फोन चार्ज करायचा आणि त्या बदल्यात मोटरसायकल धुऊन द्यायचा. चाकातला चिखल काठीने खरवडता खरवडता त्याने मंगळवारची सुट्टी मागितली.

"मंगळवार तुझ्या पाळीचा आहे," रुफो म्हणाला. ओसरीवर आणखी दोघेतिघे गडी बसले होते. "आला नाहीस तर पुढच्या आठवड्यात दोनच दिवस."

"चालेल."

"चालेल? पोट भरलं का काय तुझं? काम काय आहे?"

"कॉम्प्युटरची आवृत्ती बघायचीय."

रुफोने हातातला कप खाली ठेवला. "ऐका रे. नादोयला आवृत्ती बघायचीय. अरे, आपल्या उसाची बघ की. ओढ्याकडचा तिसरा खोडवा आहे. त्याला कसली वीज लागत नाही."

गडी हसले. नादोयही हसला. हसला नसता तर त्यांनी अजून ताणलं असतं. चाक धुऊन झाल्यावर रुफो म्हणाला, "आरसा पण पूस." त्याने आरसाही पुसला.

मंगळवारी उजाडताच त्याने मशीनवरचं कापड काढलं. रोवेनाच्या जुन्या घागऱ्याचं होतं ते, पिवळं, पाकोळ्यांच्या नक्षीचं. तारा कुठून कुठे जातात ते नीट बघून त्याने त्या सोडवल्या. खताच्या पोत्याचं आतलं प्लास्टिक आधीच धुऊन ठेवलं होतं, त्यात एकेक भाग गुंडाळला. मग पाण्याची कावड काढली. एका टोकाला मशीनचा डबा, दुसऱ्या टोकाला पडदा. डबा जड होता, म्हणून पडद्याच्या बाजूला की-बोर्ड आणि कच्च्या केळ्यांचा घड बांधून त्याने तोल साधला.

"पडू नकोस," सासू दारातून म्हणाली. "तू पडलास तर चालेल. ते पडायला नको."

पावसाने वाट शेणासारखी झाली होती. नादोय अनवाणी निघाला, कारण चपला चिखलात राहायच्या. ट्रकच्या फळीवरून उसाची मोळी चढवायची त्याच्या खांद्याला सवय होती. पण मोळी पडली तर परत उचलता येते. तो अंगठे रोवत, मध्येमध्ये थांबत उतरत होता. ओढ्यावर धुणं धुणाऱ्या एकीने मोठ्या भावाला हाक मारतात तसं विचारलं, "काय नोंग नादोय, टीव्ही विकायला काढलात?"

"दाखवायला नेतोय."

"कुणाला, डॉक्टरला?"

"हो," नादोय म्हणाला. "तसंच काहीतरी."

उसातून जाताना दोन्ही बाजूंची पाती त्याच्या दंडाला घासत होती. वजनकाट्याचं ओसाड घर वाटेत लागलं. कारखान्याने काटा हमरस्त्याला हलवल्यापासून तिथे शेळ्या बसत. लग्नाआधी रोवेना त्या खिडकीत बसायची. दोन वर्षांचा टायपिंगचा कोर्स करून आलेली, वीसेक वर्षांची, बारीक पण आवाज असा की ट्रकचं इंजिन चालू असलं तरी ऐकू जायचा. "पुढे घ्या. अजून पुढे. मागचं चाक काट्यावर कोण आणणार, तुमची आई?" मोठमोठे ड्रायव्हर खाली मान घालून ट्रक पुढे घ्यायचे. नादोय उसावर बसलेला असायचा आणि वरून तिच्या केसांतला भांग बघायचा. तो त्या आवाजावर भाळला होता.

मागच्या सुट्टीत आली होती ती रोवेना तशी नव्हती. त्याचं जेवण होईपर्यंत ती भिंतीला टेकून उभी राहायची. बस म्हटलं की बसायची आणि परत उठायची. त्याने ताट ठेवलं की लगेच उचलायची. एकदा तो दारात बसला असताना बाहेर जायला निघाली आणि त्याला म्हणाली, "माफ करा, जरा जाऊ?" आपल्याच घरात, आपल्याच नवऱ्याला. नादोय उठून बाजूला झाला. बारा दिवसांची सुट्टी होती. तिचा आवाज थोडा थोडा परत यायला लागला तोवर अकरावा दिवस उजाडला होता.

हमरस्त्याला नांग बिदायचं, म्हणजे बिदायताईंचं, नाणी टाकून चालणाऱ्या कॉम्प्युटरांचं दुकान होतं. फळकुटाच्या खोक्यात सहा मशीनं, प्रत्येकाला नाणं टाकायची फट. सगळ्यांच्या हातात फोन आल्यापासून तिथे कुणी फिरकत नव्हतं. चार खोक्यांवर तिने कांदे आणि सुकी मासळी मांडली होती. पन्नाशीची जाड बाई, नाकावर चष्मा. नादोयला कावडीसकट दारात पाहून तिने खुर्ची पुढे केली, पण तो बसला नाही. त्याच्या पायाला गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"बसा हो. फरशी माझी आहे, मलाच पुसायचीय."

त्याने सगळं सांगितलं. तिने डब्याचे स्क्रू काढले. आत मुंग्यांनी वारूळ केलं होतं. पांढरी अंडी तोंडात धरून त्या तारांवरून सैरावैरा धावायला लागल्या. नादोयने वाकून आत पाहिलं.

"मेला का?"

"मुंग्या काही खात नाहीत. ऊब लागते म्हणून येतात," नांग बिदाय म्हणाली. तिने रंगाच्या ब्रशने अंडी झाडली, आतली धूळ फुंकली, तारा जोडल्या आणि बटण दाबलं. पंखा गरगरला. बराच वेळ काळ्या पडद्यावर नुसती एक रेघ लुकलुकत होती. मग पडदा निळा झाला.

"मी बघते थांबा," ती म्हणाली.

"नको. मी," नादोय म्हणाला. "तिने मला बघायला सांगितलंय."

नांग बिदाय बाजूला झाली.

त्याने हात पँटला पुसले. कोयत्याचं म्यान शेजारी ठेवलं. खिडकीचं बटण सापडलं. ते डाव्या अंगठ्याने दाबून धरलं आणि उजव्या हाताने आर. त्याच्या बोटांची पेरं वर्षानुवर्षं कोयता धरून जाड झाली होती, उसाच्या पात्यांच्या चिरा त्यात काळ्या होऊन राहिल्या होत्या. एका बोटाखाली दोन बटणं यायची. म्हणून त्याने करंगळी वापरली. म्यानावर बघायचं, बटणांवर शोधायचं, करंगळी ठेवायची. सहा अक्षरांना त्याला एवढा वेळ लागला की तेवढ्यात एक गिऱ्हाईक मासळी घेऊन गेलं.

"आता मोठं बटण," नांग बिदाय म्हणाली.

एक लहान चौकट उघडली. वर खिडकीचं रंगीत चित्र, त्याच्याशेजारी मोठ्या अक्षरात विंडोज आणि सातचा आकडा. खाली बारीक अक्षरं होती. नादोय चौथीपर्यंत शिकला होता, इंग्रजी त्याला अक्षरं लावून वाचता यायचं. त्याने ओठ हलवत वाचलं. आवृत्ती सहा पूर्णांक एक.

"हे सात म्हणतंय आणि हे सहा."

"आतला हिशेब वेगळा असतो. सातच आहे ते."

"दहा नाही?"

"दहा नाही."

तिने त्याच्या खांद्यावरून वाकून आणखी दोन-तीन ठिकाणी उघडून पाहिलं. "एकदा दहा व्हायला लागलं होतं. हे बघा, अर्धं उतरवलेलं पडलंय. मधेच बंद पडलं. वीज गेली असेल, नाहीतर कुणीतरी वायर काढली असेल."

नादोयने भिंतीला लावलेल्या वायरकडे पाहिलं.

"आता करता येईल?"

"तेव्हा आपोआप होत होतं, फुकट. ती मुदत गेली. आता घालायचं म्हणजे आतले भाग बदलायला हवेत, आणि त्या डॉक्टरांच्या ऑफिसला पुरेल एवढं करायचं तर नवाच घ्या. वासराच्या पाठीवर ट्रकचा ऊस ठेवून कसं चालेल?"

चौकट अजून उघडीच होती. नादोयने अगदी खालची ओळ वाचायला घेतली, कारण रोवेनाने स्वतः डोळ्यांनी बघून सांग म्हटलं होतं. हे कुणाला वापरायला दिलेलं आहे, असं काहीतरी होतं आणि त्याखाली एक नाव. त्याने पहिलं अक्षर लावलं, दुसरं लावलं आणि थांबला.

इलुमिनादो पामा गुम्बान.

मजुरीच्या यादीत त्याला नादोय जी. लिहीत. मतदानाच्या यादीत गुम्बानचं गुमान झालं होतं. त्याचं पूर्ण नाव, एकही अक्षर न चुकता, बाप्तिस्म्याच्या दाखल्यानंतर त्याने कुठे पाहिलंच नव्हतं.

"तुम्ही का हे?" नांग बिदायने विचारलं.

"मी."

"म्हणजे मशीन तुमच्या नावावर आहे."

तिने नाणं घेतलं नाही. केळी तेवढी ठेवून घेतली आणि बंद करायच्या आधी कांद्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याला दिला. चौकटीतलं सगळं त्याने त्यावर उतरवून घेतलं, चित्रासकट.

चढावर कावड दुप्पट जड लागली. तिथे कुणी नव्हतं म्हणून त्याने ते एकदा स्वतःशी मोठ्याने म्हणून पाहिलं, "वायर मी काढली."

मागची सुट्टी संपली त्या दिवशी रोवेनाला जहाजावर बसवून तो घरी आला होता. नानाय पासिंग शेजारणीकडे रडायला गेलेली. घरात कुणी नव्हतं आणि कोपऱ्यात मशीन घूं घूं करत होतं. तिची वेणी बांधायची दोरी त्याच्यावर पडलेली. पडद्यावर काहीतरी गोल गोल फिरत होतं. त्याला वाटलं, ती आत्ता मोरीतून येईल आणि बसेल. मशीन काही थांबेना. तासभर त्याने सोसलं आणि मग हिसडा मारून वायर उपटली.

सासूने ऐकून घेतलं. ती पाला निवडत होती. वायरीचं काही त्याने तिला सांगितलं नाही, सात आहे एवढंच सांगितलं.

"मग दहा सांग."

"नानाय, खोटं कसं सांगू?"

"एका आकड्याचं कसलं आलंय खोटं? मी तुझ्या सासऱ्याला वय चार वर्षं कमी सांगितलं होतं. चाळीस वर्षं संसार झाला."

"ती येईल आणि काम मिळणार नाही."

"पण येईल ना?"

नादोयने पाल्याची एक जुडी पुढे ओढली.

"मला पेटीत घालाल तेव्हा ती येणारच आहे," म्हातारी पाल्याचे देठ खुडत म्हणाली. "तेव्हा मॅडम सुट्टी पण देईल. पण मला तेव्हा दिसणार नाही, तोतो, माझ्या पोरा."

बुधवार ते शनिवार त्याने दोन दिवस भांगलण केली आणि दोन दिवस ओढ्यात खेकडे शोधले. सरीत वाकून खुरपं चालवताना त्याच्या तोंडात तो एक शब्द होता. दहा. बोलायला काही लागत नव्हतं. ती विमानात बसेल, बोटीने इकडे येईल, ओढा ओलांडून वर येईल आणि मग कळलं तर कळलं. चिडेल. ट्रकवाल्यांवर ओरडायची तशी ओरडेल. ते ओरडणं ऐकायलाही त्याची तयारी होती. पाठीवर ऊन यायचं, मग पाऊस यायचा, परत ऊन. लव्हाळ्याच्या गाठी उपटता उपटता तो कितीदा तरी दहा म्हणाला आणि प्रत्येक वेळी त्याला नांग बिदायच्या दुकानातली ती चौकट दिसली, खाली त्याचं नाव असलेली.

रविवारी उंचवट्यावर वारा होता. फोन वाजला.

"बघितलास?"

"बघितला."

"मग?"

सासूने त्याच्या बरगडीत कोपर मारलं.

"सात," नादोय म्हणाला.

"दहा आहे गं," सासू फोनकडे तोंड करून म्हणाली. "ह्याला वाचता कुठे येतंय. चौथीत शाळा सोडलेला माणूस."

"नानाय, तू बघितलास का?"

"मी कशाला बघू? मला माहीत आहे."

रोवेना हसली. जुनं हसू होतं ते, घशातून येणारं. मग ते थांबलं.

"सातच का?"

"सातच. ते दहा व्हायला लागलं होतं. मी वायर उपटली." एकदा बोलायला लागल्यावर त्याला थांबता आलं नाही. "तू गेलीस त्याच दिवशी. मी तुला बोटीवर सोडून आलो तर ते चालू होतं. तू घरात असल्यासारखं. मला नाही सोसलं. मला काय माहीत ते कशासाठी चाललंय."

पलीकडे बायका कुठलंसं गाणं म्हणत होत्या. कुणीतरी रोवेनाला काही खायला विचारलं, तिने नको म्हटलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? वायर उपटली म्हणून?"

"सोसलं नाही म्हणून."

नादोयने खिशातून पुठ्ठा काढला. "खाली माझं नाव आहे," तो म्हणाला. "पूर्ण. आईकडचं पामा पण आहे."

"हो. मीच घातलं. दुकानदाराने विचारलं, कुणाच्या नावाने करू. मी म्हटलं, ज्याच्या घरी जाणार त्याच्या."

"मला बोलली नाहीस."

"मला वाटलं, दिसेल कधीतरी." तिने आवाज खाली आणला. "नादोय, मी काय करू?"

बारा वर्षांत सहा वेळा तिने सही केली होती. दर वेळी केल्यावर सांगितलं होतं. त्याने दर वेळी, बरं, म्हटलं होतं.

"ये," तो म्हणाला.

"आणि खायचं काय?"

"रताळ्याचा पाला. भात परवा होता."

ती हसली की रडली ते वाऱ्यात कळलं नाही. "बारा वर्षांत पहिल्यांदा म्हणालास," ती म्हणाली.

"तू पहिल्यांदा विचारलंस."

"बघते," रोवेना म्हणाली. "बुधवारी मॅडमशी बोलते. बघते."

ते तीन दिवस नादोयने घरात काय काय केलं ते सासू मुकाट्याने पाहत होती. बाजेच्या तीन पट्ट्या मोडल्या होत्या, त्याने नवा बांबू फोडून त्या बसवल्या. मोरीच्या वाटेवर दगड टाकले. एक खुर्ची कुठूनशी मागून आणली, पाय दुरुस्त केला आणि जेवायच्या जागेशी ठेवली. कशाला म्हणून तिने विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही.

बुधवारी भांगलण उरकून तो तसाच उंचवट्यावर गेला. अंगावर चिखल होता. फोन उत्तरेला धरल्यावर मेसेज आला.

सही केली, लांगा. दोन वर्षं. पाल्यावर नानायचे दिवस निघणार नाहीत आणि तुझेही. नवीन मशीन घेण्यापुरतं साठवते, मग येते. तू ये म्हणालास ते मला रोज ऐकू येतं. रागावू नकोस.

त्याने तो तीनदा वाचला. रागावलेला नव्हता तो. घरी येऊन रांजणाशी पाय धुवायला लागला. एक पाय धुतला, दुसरा धुतला, परत पहिला धुवायला घेतला. दारातून सासू बघत होती.

"किती?" तिने विचारलं.

"दोन."

"तोवर असेन का मी?"

"असाल."

"खोटं तरी नीट बोलायला शिक," म्हातारी म्हणाली आणि आत जाऊन तिने त्याला पेज वाढली. त्या मागून आणलेल्या खुर्चीवर कुणी बसलं नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात खांब उभे राहिले. एका दुपारी वस्तीतले सगळे रेडिओ एकदम बोलायला लागले आणि बायका तारांवरचं धुणं काढायला धावल्या. नादोयची त्या दिवशी पाळी नव्हती. त्याने मशीनवरचं पिवळं कापड बाजूला केलं, तारा जोडल्या आणि बटण दाबलं. पंखा घूं घूं करायला लागला. त्याने तो चालू दिला.

नानाय पासिंग उकिडवी येऊन बसली. "तुझं नाव कुठे आहे ते दाखव."

आता त्याला म्यान बघावं लागलं नाही. चौकट उघडली. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिने नावाच्या ओळीवरून बोट फिरवलं.

"लांबलचक आहे की."

"पूर्ण आहे."

"आणि माझ्या वेंगचं, रोवेनाचं?"

"तिचं नाही."

"मग लिही. एवढी जागा पडलीय."

नादोयने थोडा विचार केला. लिहायची एकच जागा त्याला माहीत होती. त्याने खिडकीचं बटण आणि आर दाबून ती पट्टी उघडली आणि करंगळीने एकेक अक्षर ठेवलं. रोवेना. मग मोठं बटण दाबलं.

टण्‌ असा आवाज झाला आणि नवीनच एक चौकट आली, लाल फुलीची. नादोय ओठ हलवत वाचायला लागला. वाचून झालं तरी त्याचे ओठ हलत होते.

"काय म्हणतोय?" सासूने विचारलं.

"रोवेना सापडत नाही, म्हणतोय. नाव बरोबर लिहिलंय का ते बघा आणि पुन्हा एकदा करून पाहा."

म्हातारी पडद्याजवळ सरकली. "तुझं एखादं अक्षर चुकलं असेल," ती म्हणाली. "बोटं बघ केवढी."

त्याने एकेक अक्षर तपासलं. चुकलं नव्हतं.

"मग परत लिही," नानाय पासिंग म्हणाली.

नादोयने पट्टी पुन्हा उघडली. हात पँटला पुसले आणि आर शोधायला लागला.